डाव्या तोंडाची कणीक

पखवाज घुमावा म्हणून त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावता लावता मी आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना सांगून टाकलं, "बुवा, पखवाज सोडतोय. हल्ली घरी पाव भाजण्यातच जीव रमतो."

ते गहिवरतील असं वाटलं होतं. इतकी वर्षं मंडळाचा ठेका मीच धरत आलो. म्हणजे मी धरायचो आणि तो सुटायचा.

बुवांनी डोळे मिटले. मी मनात निरोपाचं भाषण जुळवू लागलो.

"पखवाज खुशाल सोड," ते म्हणाले, "पण दर गुरुवारी तेवढी कणीक भिजवून देत जा. तुझ्या हातची कणीक म्हणजे कणीक!"

सगळ्या मंडळानं माना डोलावल्या, अगदी समेवर. माझ्या वाजवण्यावर आजवर एकही मान डोलली नव्हती.