शाई लावणाऱ्या बाई

शाईत बुडवलेली काडी सुलोचनाच्या हातात थरथरू लागली आणि एक थेंब टेबलावर पडला. समोरच्या बाईने डाव्या हाताचं बोट पुढे केलं होतं. सुलोचनाला ते दिसत होतं, पण फार लांबून दिसावं तसं. छातीत धडधड सुरू झाली. तळहातांना घाम फुटला. आता श्वास आत जाणार नाही, आता आपण इथेच मरणार, याची तिला खात्रीच पटली.

कशीबशी तिने त्या बोटाला शाई टेकवली.

१९५२ चा जानेवारी. देशातली पहिली निवडणूक. मल्हारगंजातल्या एका शाळेत बायकांचं वेगळं मतदान केंद्र होतं आणि रांग फाटकाबाहेर गेली होती. केंद्रावर माणसं पाच; त्यांत बाई एकटी सुलोचना. एरवी ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आज फक्त बोटाला शाई लावायची होती. पण घुंगटातल्या बायका परक्या पुरुषाच्या हातात हात देणार नव्हत्या. "तुम्ही उठलात की अर्धी रांग घरी जाईल, बाई," असं केंद्रप्रमुख कृष्णरावांनी सकाळीच बजावलं होतं.

छातीतली ही धडधड दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. पहिल्यांदा राजवाड्यासमोर, दिवाळीच्या गर्दीत. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि हृदय ठणठणीत आहे म्हणाले. भाऊ अच्युत म्हणाला, "मनाचे खेळ आहेत. लक्षच देऊ नकोस." पुढे ती बाजारात जाईनाशी झाली, मग लग्नकार्यात, मग देवळात. गेल्या महिन्यात तर चालू तास टाकून वर्गातून पळाली होती. मुख्याध्यापिकांनी सांभाळून घेतलं. "पुन्हा असं झालं तर मला वर कळवावं लागेल," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

सुलोचनाने काडी खाली ठेवली. दार दहा-बारा पावलांवर होतं. ती उठून उभी राहिली.

"सुलोचनाबाई, लाइन थांबली," कृष्णराव म्हणाले. "काय झालं?"

तिची नजर दारावरच होती.

तेवढ्यात यादीच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला. "लिहा. द्वारकाबाई तुकोजी शिर्के." सकाळपासून कितीतरी बायका 'अमक्याची आई', 'तमक्याची सून' एवढंच सांगून गप्प राहत होत्या आणि कारकून हात जोडून नाव विचारत होता. ही म्हातारी मात्र नाव सांगून थेट सुलोचनापुढे आली. तिने सुलोचनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकदम टेबलाची कड धरून वाकली.

"बाई, माझा जीव घाबरा झाला," ती पुटपुटली. "छातीत नुसतं धडधडतंय. हात द्या हो."

सुलोचनाने हात देण्याआधीच म्हातारीने तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. सुलोचना पुन्हा खुर्चीत बसली.

"मला... मला जायचंय," ती कसंबसं म्हणाली.

"मला टाकून नका जाऊ. आमचे मालक पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर दूर बसऱ्याला होते. परत आले, तर असंच व्हायचं त्यांना. ते म्हणायचे, श्वास घ्यायच्या मागे लागू नये. आधी सोडावा. हळूहळू, मोजत. माझी मोजताना गडबड होते. तुम्ही मास्तरीण दिसता. मोजा माझ्यासाठी."

"एक," सुलोचना म्हणाली. आवाज फाटला. "दोन. तीन-चार..."

"इतकी घाई नको. मी म्हातारी आहे."

सुलोचनाने पुन्हा सुरुवात केली. पहिल्यांदा चारपर्यंत पोचली, मग पाच, मग सहा. रांगेत कुजबुज वाढली. कृष्णरावांनी खिशातलं घड्याळ काढलं, दोघींकडे पाहिलं आणि परत ठेवून दिलं. "आठ," सुलोचना म्हणाली, तेव्हा खोली जवळ आली होती. भिंतीवरचा नकाशा दिसला, सांडलेली शाई दिसली, म्हातारीचं वाकडं बोट दिसलं. तिने काडी बुडवली आणि त्या बोटावर सरळ रेघ ओढली.

"बरं वाटतंय आता?" तिने विचारलं.

"एकदम." म्हातारीने पदर सावरला आणि मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली.

साडेअकराच्या सुमाराला तीच धडधड पुन्हा सुरू झाली. दारात दोन बायकांची बाचाबाची झाली आणि रांग आत लोटली. तिने टेबलाची कड धरली. श्वास सोडला. मनात मोजलं. भीती गळ्यापर्यंत चढली, तिथे थोडा वेळ राहिली आणि उतरली. आपण पळालो नाही तरी ती जाते, हे सुलोचनाने पहिल्यांदाच पाहिलं. समोरच्या बाईला काही कळलंही नाही.

तीन वाजता एक तरुण बाई नाव सांगून पुढे आली. "कमल मालोजी शिर्के."

"द्वारकाबाई तुमच्या कोण?"

"सासूबाई. त्या घरी पोरांजवळ बसल्या, तेव्हा मला निघता आलं."

"बऱ्या आहेत ना? सकाळी फार घाबरल्या होत्या. मीच धीर दिला त्यांना."

कमल खुदकन हसली. "अहो बाईजी, सासूबाई अन् घाबरतील? मागच्या महिन्यात घरात नाग निघाला, तर आम्हाला बाहेर काढून एकट्या दांडा घेऊन उभ्या होत्या."

सुलोचनाची काडी हवेतच थांबली. "मग सकाळी?"

"रांगेत असलेल्या शेजारणीने सांगितलं तेव्हा मीही त्यांना तेच विचारलं." कमलने बोट पुढे केलं. "तर म्हणाल्या, ती पोर तिथे एकटीच घाबरली होती. म्हणून जोडीला मीही घाबरले."