आयच्या खोलीतला स्पीकर

परभणीतल्या घरी होम थिएटर आलं, तेव्हापासून चांगुणाबाईंचं एकच मागणं होतं: सकाळची बुद्धवंदना मागच्या खोलीतही ऐकू यावी. अंगावरून वारं गेल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं. एकाच रिसीव्हरवरून दोन खोल्यांत आवाज सोडायची सोय होती. फक्त वायर ओढून स्पीकर लावायचा होता. त्यांचा मुलगा सिद्धोधन दर खेपेला म्हणायचा, "आय, येत्या रविवारी करतो."

हॉलमधला आवाज पुरला नाही, की त्या काठीनं पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोनदा ठोकायच्या. म्हणजे, वाढव.

त्या गेल्या. पलंग जिंतूरला सिद्धोधनच्या बहिणीकडं गेला. वर्ष उलटल्यावर एका रविवारी त्यानं आयच्या खोलीत स्पीकर ठेवला, वायर ओढली, रिसीव्हरला जोडली, वंदना लावली आणि मागच्या खोलीचा आवाज तीसवर ठेवला.

आतून लोखंडावर दोनदा टकटक झाली.

बायको मनीषा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं पन्नास केलं. टकटक. सत्तर केलं. टकटक. भरल्या डोळ्यांनी त्यानं आवाज पार शेवटापर्यंत नेला.

मनीषा खाली आली, खिडकी लावायला मागच्या खोलीत गेली आणि दारात येऊन म्हणाली, "अवं, हितं स्पीकर मुकाच हाय. वायरचं टोक नुसतं लोंबायलंय. जोडायचं राहिलं का?"

तिच्यामागं रिकाम्या खोलीत पुन्हा दोनदा टकटक झाली. ह्या खेपेला हळू, हात भरून आल्यागत.