कलमाखालचं उदाहरण

सरकारी नियमांचे मसुदे शोधायचे, त्यात कुठे काय बदललं ते कंपनीला कळवायचं, हे माझं काम. घरूनच करते, द्वारकेतल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावरून.

लिफ्टच्या नव्या नियमांच्या मसुद्यात एका कलमाखाली उदाहरण दिलं होतं: ‘ख’ रोज सकाळी लिफ्टने दूध आणायला जातो. ‘क’ला आवडतात म्हणून येताना रस्क आणतो.

मी ते माझ्या नवऱ्याला, इंद्रजितला, वाचून दाखवलं. “अरे यार, हे तर आपणच,” तो हसत म्हणाला.

आज सकाळी सुधारित मसुदा आला. उदाहरण बदललं होतं: ‘ख’ दूध आणायला जातो. ‘क’ दोन कप चहा करते. एक कप तसाच राहतो.

इंद्रजित चपला घालत होता. “रस्क आणू ना?”

“नको. बस इथे. आज कोरा चहा पिऊ.”

“चलो, कोरा तर कोरा,” म्हणत तो शेजारी टेकला. मी एका हाताने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मसुद्यावर हरकत टाइप केली: दोन्ही कप रिकामे होतात, असं लिहावं.

लगेच उत्तर आलं: आपली हरकत विचाराधीन आहे.

बाहेर आमच्या मजल्यावर लिफ्ट येऊन थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा अजून आलेला नाही.