बनाबाईची कवळी

बनाबाईने पदराच्या गाठीतून मूठभर शेंगदाणे काढून फरशीवर ठेवले आणि विंझरच्या देवळाचा अख्खा सभामंडप खो खो हसला.

"हा कसला खर्च गं, बनाबाई?" शेजारच्या धोंडाबाईने विचारले. "भेळीची गाडी लावतीस का काय?"

"दात हायती ते." हसणाऱ्यांकडे बनाबाईने पाहिलेही नाही. "खर्चाची वस्तू घिऊन या म्हनल्या बाई. कवळी अजून केलीच न्हाई, ती कुठनं आनू? मंग जे चावता येत न्हाई ते आनलं."

कुंदाही हसली होती. हे ऐकून तिचे हसू ओसरले.

भोरच्या एका संस्थेकडून कुंदा गावोगाव घरखर्चाचे वर्ग घेई. रीत साधी होती. कुणाला लिहायला लावायचे नाही. फरशीवर खडूने दोन रिंगणे काढायची, एक गरजेचे, एक हौशीचे. घरच्यांनी येताना पुढच्या खर्चाची एकेक वस्तू आणायची आणि आपसात ठरवून कुठल्या तरी रिंगणात ठेवायची. गरजेचे आधी, हौशीचे पैसे उरले तर. सगळे घर एकत्र बसते, बायका बोलत्या होतात, म्हणून कुंदाला या रिंगणांचे भारी कौतुक होते.

आज सावळारामचे घर पुढे बसले होते. तो, त्याची बायको बनाबाई आणि मुलगा गोरख. मिठाची पुडी, खताच्या पोत्याचा तुकडा, जत्रेच्या वर्गणीचा नारळ, सगळे गरजेच्या रिंगणात गेले होते. गोरखने खिशातून गाडीची किल्ली काढून तिथेच टाकली. त्याला नवी मोटारसायकल घ्यायची होती.

"जुनी चालती की रं," बनाबाई म्हणाली.

"चालती. पर कंपनीच्या गेटावर तिच्यावरनं उतरायला लाज वाटती. पोरं हसत्यात."

"खरं हाय त्याचं," सावळाराम म्हणाला. "चारचौघांत जायाचं म्हंजी गाडी नीट लागतीच." किल्ली राहिली तिथेच राहिली. मग त्याने शेंगदाण्यांकडे हनुवटी केली. "आन ह्ये तिकडं सरकव. हौशीत."

बनाबाईचा हात हलला नाही. "नसरापूरच्या डाक्टरनं समदे दात काढून वरीस झालं. हिरड्या सोलून निघत्यात. भाकरी च्यात बुडवून गिळती म्या. ही हौस हाय व्हय?"

"आगं, पर पोट भरतंय न्हवं? या वयात दात कुनाला दावायचेत तुला?"

पुन्हा हशा झाला. या वेळी बायकाही हसल्या, आणि कुंदाला तेच जास्त लागले.

गोरखने वाकून शेंगदाणे हौशीच्या रिंगणात ओढले. दोन-चार दाणे मुठीत राहिले, ते त्याने तोंडात टाकले. कडाकडा चावत तो म्हणाला, "चला, झालं आमचं. पुढचं घर घ्या, मॅडम."

कुंदाचे डोके सणकले. गेटावरची पोरे या मुलाला हसतात, ते दुःख गरजेत बसले. आत्ता सारे गाव त्याच्या आईला हसले, ते कुठे बसले? कालपर्यंत हा बाप कवळीचा विषय निघाला की नुसते 'बघू' म्हणत असेल. आज त्याच्या हाती हौस हा शब्द तिनेच आणून दिला होता. वर रिंगणही काढून दिले होते, गोल, सुबक.

"झालं नाही," ती म्हणाली. आवाज तिच्याही नकळत चढला. गोरखला अहो-जाहो करायचेही ती विसरली. "तोंडातलं थुंक आधी. तुझ्या आईचे दात आहेत ते."

गोरखचा जबडा चालता चालता थांबला. सावळाराम मात्र जागचा हलला नाही.

"बाई," तो सावकाश म्हणाला, "घरच्यांनी ठरवायचं, ही रीत तुमचीच न्हवं? आमी ठरवलं."

कुंदाच्या हातातला खडू मोडला.

तेवढ्यात देवळामागच्या त्यांच्या गोठ्यात म्हैस रेकली. सावळारामने गुडघ्यावर हात देऊन उठायला घेतले. "चल गं, धारंची येळ झाली. आजून उशीर झाला तर डेरी बंद हुईल. गाडीचा हप्ता काय आभाळातनं पडनार हाय?"

बनाबाई उठली नाही. तिने पाय लांब केले आणि खांबाला पाठ टेकली.

"आगं, ऊठ की!"

"तुमी काढा की आज."

"म्या? ती तुज्याबिगर कुनाला कासंला हात लावू देती व्हय?"

"न्हाई देत," बनाबाई म्हणाली.

म्हैस पुन्हा रेकली, लांब आणि चढ्या आवाजात. आता कुणी हसले नाही. गोरख बापाच्या तोंडाकडे बघत होता आणि बाप गोठ्याच्या दिशेने.

बनाबाईने पदर सारखा केला.

"बसा खाली," ती म्हणाली. "निवांत ठरवू. मला काई घाई न्हाई."