बंदुकीवरची बॅटरी

मानपाड्याजवळच्या त्या गावात काळोख पडला की नाल्याच्या वाटेवर टोळकं बसायचं आणि परसाकडे निघालेल्या बायकांना शिट्ट्या मारायचं. गोदाने नवऱ्याकडे, काळुरामकडे, वर्षभर एक बॅटरी मागितली. "कंपनीतली बाहेरची पोरां आसतील. चौघी मिलून जावा," एवढंच त्याचं उत्तर.

मग त्याच्या भातात रानडुकरं शिरली.

दुसऱ्याच दिवशी काळुराम डोंबिवलीच्या बाजारात हजर. भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढायला लावून त्याने पाच बॅटऱ्यांचा झोत भिंतीवर मारून पाहिला आणि तीन सेलांची, लांब फेकणारी निवडली. घरी धाकटा भाऊ गणू मदतीला बसला. नळाच्या क्लिपा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून दोघांनी ती परवान्याच्या बंदुकीवर अशी बसवली की जिथे उजेड, तिथेच गोळी.

"आता एक डुकूर सुटनार नाय," गणू म्हणाला.

दिवेलागण झाल्यावर काळुराम शेतावर निघाला, तर खुंटीवर बंदूक नव्हती. थोड्या वेळाने गोदा परत आली. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात बंदूक, मागे आळीतल्या सहा बायका. तिने बंदूक खुंटीला अडकवली.

 

"उजेड बराबर पडतंय," ती म्हणाली. "पयले गणूभावजीच दिसले."