अक्काची सही

"नवीनची मूठ झाली. आता बाळाची," असं म्हणत आईने गव्हात पुन्हा हात घातला.

उद्या घरात कानबाई देवी बसणार होती आणि तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू मोजणं चाललं होतं. या घराची रीत अशी, की भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ पडायची. चुलतभावाचं पोर अजून पाळण्यात अंगठा चोखत होतं, पण त्याचीही मूठ मोठ्या रुबाबात सुपात पडली. डिंपल शेजारीच बसून गहू निवडत होती. तिच्या नावाची मूठ नव्हती. पोरींची नसतेच.

"मंग, विषय ठरना का?" खाटेवरून तिच्या वडिलांनी, आबांनी विचारलं.

डिंपलने गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला. बी.ए.ला कोणता विषय घ्यायचा, ते सोमवारी धुळ्याच्या कॉलेजात सांगायचं होतं. बी.ए. झालं की वकिली. त्यामुळे गावात ज्याला म्हणून तोंड होतं, त्याने सल्ला दिला होता. चंदनकाका म्हणाला भूगोल, त्यात मार्क पडतात. शाळेतल्या बाई म्हणाल्या इंग्रजी. दोंडाईच्याचे एक वकील राज्यशास्त्र म्हणाले आणि आबांनी तेच धरून ठेवलं. कॉलेजातल्या सरांनी मात्र हसून सांगितलं होतं, की वकिलीला कोणताही विषय चालतो. डिंपलला मनातून इतिहास हवा होता.

पण घोडं विषयापाशी अडलेलं नव्हतं. ते अडलं होतं अक्कापाशी.

अक्का म्हणजे बेबाबाई, आबांची मोठी बहीण. आजोबा गेले आणि विहिरीजवळच्या शेताची हक्कसोड करायची वेळ आली. बहिणीने 'मला वाटा नको' अशा कागदावर सही करायची, भावाची साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं. गावातल्या सगळ्या बहिणी तेच करत आल्या. अक्काने साडी घेतली नाही आणि सहीही केली नाही. लाडकी अक्का एका दिवसात लोभी झाली. आणि दहावीनंतर डिंपलचं लग्न उरकायला निघालेल्या आबांना पोरीच्या शिक्षणाचा अचानक पुळका आला.

"कोर्टमा अक्काना समोर तूच उभी ऱ्हाशी," आबा म्हणाले. "घरना वकील तो घरना वकील. अक्का सही करी देती, ते वकील कसाले लागता?"

वकील हो, हे डिंपलला पहिल्यांदा सांगितलं ते अक्कानेच. तेव्हा ती चौथीत होती. शेजारणीशी तिची कोंबडीवरून जुंपली होती आणि बाकीचे तिला गप्प करत होते. अक्का तेवढी पदराआड हसली होती. "या पोरनं तोंड कोर्टमा चाली," म्हणाली होती. त्याच तोंडाने आता अक्काला खोटं पाडायचं. त्यापेक्षा वकिली नको, असं डिंपलला वाटायचं आणि मग रडूच यायचं. कारण तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

"आबा," ती एकदम म्हणाली, "माझी मूठ का नाही?"

आईचा हात सुपातच थांबला.

"तू आज ना सकाय परका घरनी," आबा हसले. "पोरीसनी मूठ ऱ्हास का कधी?"

"परक्या घरची, तर मग या घरची वकील कशी?"

आबांचं हसू गेलं. ते खाटेवरून उठले. "जास्ती शिकी गयी का? सोमवारे राज्यशास्त्र लावानं व्हई ते सांग. नई ते शिरपूरवाला आजूनबी तयार शेतस!"

शिरपूरवाले म्हणजे मागे येऊन गेलेलं स्थळ. डिंपल उठली आणि बाहेर ओट्यावर आली.

तिथे अक्का एकटीच वाती वळत बसली होती. घरातलं कोणी बोलत नसलं तरी कानबाईला ती आदल्या दिवशी यायचीच. सासरी गेलेल्या लेकीला या घरचे रोट खायला चालत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी दर्शन घ्यायची, इतरांचं जेवण होईपर्यंत ओट्यावर बसायची आणि शेवटच्या गाडीने परत जायची. आतलं सगळं बोलणं तिला ऐकू आलं असणार. डिंपलला इतिहास हवाय, हेही तिला एकटीलाच ठाऊक होतं.

डिंपलने तिचे हात धरले. कापूस खाली पडला.

"अक्का, सही करी टाक ना. माले तुना समोर उभं ऱ्हावानं नई. तू सही कर, म्हणजे भांडणच मिटी."

"आनि वकिली?"

"करते ना. आबा आता नाही म्हणणार नाहीत."

अक्काने हात सोडवून घेतले, पडलेला कापूस उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि पुन्हा वात वळायला घेतली.

"विषय तुले आवडी तो लाव," ती म्हणाली. "इतिहास लाव. तुना बापले वकील पाहिजे, विषय कोनता का ऱ्हाये ना. आठ दिन रुसी, मंग फी भरी."

"आणि सही?"

अक्काने एकदा आत, खाटेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"येडी पोर. मी आज सही करी टाकी, ते सकाय तुनं लगीन शे. तुना आंगवर काळा कोट चढत नई, तोवर मी सही करनार नई."