फुकटचे ठोके

फ्रिजची मोटर घरघरली आणि आप्पांची सायकल ताशी बावीसच्या वेगाने निघाली. जागची मात्र हलली नाही. ती फ्रिजला टेकून उभी होती, आणि आप्पा समोरच्या आरामखुर्चीत पाय पसरून तिच्या मीटरकडे बघत होते.

ही युक्ती त्यांना सायकलवाल्यानेच दिली, बिचाऱ्याने नकळत. "बिनवायरचा मीटर आहे, आप्पा. मोटरजवळ ठेवाल तर भलताच सिग्नल पकडेल. चाक थांबलेलं असलं तरी वेग दाखवेल," असं तो बजावून गेला. आप्पांनी त्याच संध्याकाळी सायकल स्वयंपाकघरात आणली.

करणार काय? हृदयाच्या डॉक्टरांनी रोज सायकल चालवायला सांगितलेली. मीटरचे आकडे थेट लेकीच्या फोनवर जायचे. "एक दिवस जरी चुकवलात, तर घराला कुलूप लावून तुम्हाला माझ्याकडे नेणार," असा तिने दम भरला होता. आप्पांना ना घर सोडायचं होतं, ना खुर्ची.

कोडं होतं ते हृदयाच्या ठोक्यांचं. ते मोजायला छातीला बांधायचा पट्टा तर खिळ्याला लटकत होता. तरी मीटरवर ठोके उमटायचे. कुणी चढ चढत असावं तसे दाटायचे, उतार लागावा तसे निवांत व्हायचे. सायकलवाला म्हणाला, "शेजारी कुणी पट्टा बांधत असेल. त्याचं हृदय तुमच्या मीटरवर येतंय." शेजारचं घर कधीपासून रिकामं होतं. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याने जातं कुणाचं, हे विचारू नये. आप्पांनी विचारलं नाही.

एकदा लेकीचा फोन आला. "आप्पा, सासूबाईंनी काल तुम्हाला पुलावर पाहिलं. म्हणाल्या, दहा वर्षांनी तरुण दिसताय. हात केलात म्हणे."

"केला असेल," आप्पा म्हणाले. विहीणबाईंचा चष्मा बदलायला झालाय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

हल्ली त्यांना भूक लागत नव्हती. घाम येत नव्हता. आराम मानवला, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एका दुपारी वीज गेली. मोटर गप्प झाली. आप्पा धडपडत उठले. आता मीटर थांबणार, लेकीला कळणार, घराला कुलूप लागणार.

मीटर थांबला नाही. वेग वाढत गेला. मग कुणी घरापाशी येऊन पोचावं तसा हळूहळू उतरला आणि शून्य झाला. ठोके तेवढे चालू राहिले, चांगले दणदणीत.

आप्पांनी स्वतःचं मनगट धरलं. मग गळा चाचपला. मग छातीवर तळहात दाबून धरला. कुठेच काही लागेना.

खाली ब्रेक करकरले. जिन्यात दोघांची पावलं वाजली.

"आप्पा, जरा हळू चढा की," लेक हसत म्हणत होती, "मला धाप लागली."